काळ्या कपड्याबाहेरची दोन मिनिटं

चार बाय पाच इंची किंवा त्याहून मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. हातांचा क्रम ठरवून घ्या आणि तो कोणासाठीही मोडू नका. कॅमेरा आजोबांच्या बंद पडलेल्या स्टुडिओतला सागवानी असो, की परदेशातून मागवलेला नवाकोरा, भात्याच्या कॅमेऱ्यात तुम्हाला अडवणारं काहीच नसतं. लेन्स उघडी राहिली तरी तो गप्प, फिल्म दुसऱ्यांदा वापरली जात असली तरी गप्प. आठवण ठेवायची ती सगळी तुम्हीच.

चुका बहुधा काळ्या कपड्याखाली होत नाहीत. तिथे माणूस एकाग्र असतो, दुधी काचेवरचं उलटं चित्र भिंग लावून न्याहाळत असतो. चूक होते ती डोकं बाहेर काढल्यानंतरच्या दोन मिनिटांत. चित्र मनासारखं जमलेलं असतं, ऊन सरकत असतं आणि हात घाई करू लागतात.

चांदबीबीचा महाल घ्या. नाव चांदबीबीचं, कबर सलाबतखानाची, हे नगरकरांना सांगायला नको. डोंगरावरची ती अष्टकोनी तिमजली इमारत कलती न दिसता सरळ उभी यावी म्हणून तुम्ही लेन्सची पाटी वर चढवली आहे. चित्र उजळ दिसावं म्हणून लेन्स एफ ५.६ वर सताड उघडी आहे. आता कपड्याबाहेर आलात की आधी सगळे स्क्रू आवळा, कारण त्या डोंगरावर वारा असतो आणि भाता वाऱ्यावर हलतो. मग लेन्स बंद. मग छिद्र लहान करा, समजा एफ २२. शटरचा वेळ लावा, खटका चढवा आणि होल्डर घालण्याआधी एकदा शटर रिकामं मारून पाहा. आवाज नेहमीसारखा आला तर पुन्हा चढवा. आता होल्डर घाला आणि तो खाचेत नीट बसला का, हे बोटाने चाचपा. डार्क स्लाइड ओढायची ती या सगळ्यानंतर. फोटो झाला की स्लाइड परत जाते, पण काळी बाजू बाहेर ठेवून. पांढरी बाजू म्हणजे कोरी फिल्म, काळी म्हणजे वापरलेली.

यातलं लेन्स बंद करणं राहिलं, तर स्लाइड ओढताक्षणी फिल्म गेली. छिद्र लहान करायचं राहिलं, तर ५.६ ते २२ म्हणजे चार स्टॉप, सोळापट जास्त उजेड. स्लाइड न उलटता तशीच आत सारली, तर तीच फिल्म पुढच्या ठिकाणी कोरी समजून वापराल आणि महालाच्या कमानींवर दुसऱ्याच गावचं देऊळ चढेल. मला ही शेवटची चूक सर्वांत वाईट वाटते, कारण तिच्यात एकदम दोन फोटो जातात.

क्रम मनात नको, तोंडाने म्हणा. ‘लेन्स बंद. बावीस. पाव सेकंद. खटका चढवला.’ मनमाड-दौंड मार्गावरून जाणाऱ्या गाडीच्या इंजिनात चालक आणि सहचालक सिग्नल दिसला की तो मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगतात. वर्षानुवर्षं तोच मार्ग पायाखालचा असला तरी सांगतात. तुम्हाला कसला संकोच?

आणि एक कार्ड लिहा. पोस्टकार्डाएवढं, मोठ्या अक्षरात, तिपाईला दोऱ्याने बांधलेलं. अनुभवी माणसाला हे कमीपणाचं वाटतं, पण विसरायला अनुभवच जास्त कारणीभूत होतो. १९३५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बोइंगचं नवं बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं. चालवणारे नवशिके नव्हते. जमिनीवर असताना शेपटीच्या पट्ट्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहून गेला होता. त्यानंतर वैमानिकांच्या हातात कामांची यादी आली आणि ती आजही आहे.

आता आपल्याकडची खरी अडचण. नगर जिल्ह्यात शिवारात किंवा रस्त्याकडेला तिपाई उभी केली की पाच मिनिटांत कोणीतरी येऊन विचारतं, ‘मोजणी आहे का, साहेब?’ मागून दुसरा, ‘रस्ता इकडून जाणार काय?’ हा प्रश्न टाळू नका. ज्याची जमीन आहे त्याच्या पोटात गोळा आलेला असतो. ‘नाही दादा, मोजणी नाही, फोटो काढतोय,’ एवढं शांतपणे सांगा, हवं तर दुधी काचेवरचं चित्रही दाखवा. मात्र नियम पक्का ठेवा. स्लाइड अजून आत असेल तर काम तिथेच सोडा, बोला आणि परतल्यावर क्रम अगदी पहिल्यापासून धरा. ‘लेन्स मघाशी बंद केली होती बहुतेक,’ यातल्या ‘बहुतेक’वर विसंबू नका. काच दाखवायला लेन्स पुन्हा उघडली असेल तर विचारायलाच नको. आणि स्लाइड बाहेर काढलेली असेल, तर ‘एक मिनिट, मामा’ म्हणून हात वर करा. लोक थांबतात.

भंडारदऱ्यापलीकडे रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ आहे. हेन्री कझिन्स यांच्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या १९३१ सालच्या ग्रंथात हे देऊळ आहे आणि श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावचंही. अशा देवळांवरचं कोरीव काम जवळून घ्यायला गेलात की विसरण्याची नवी जागा तयार होते. जवळच्या वस्तूसाठी भाता लांबवावा लागतो आणि लांबलेल्या भात्यातून फिल्मवर उजेड कमी पोचतो. लेन्स २१० मिलिमीटरची आणि भाता ३०० वर गेलेला असेल, तर ३०० भागिले २१० आणि आलेल्या आकड्याचा वर्ग, म्हणजे साधारण दोन. वेळ दुप्पट हवा. लाइट मीटरला यातलं काही कळत नाही, म्हणून एक शिवणाची टेप खिशात ठेवा आणि कार्डावर ‘भाता मोजला?’ ही ओळ घाला. त्याच्याखाली ‘फिल्टर?’ लिहा, कारण गडद लाल फिल्टर सुमारे तीन स्टॉप उजेड खातो. गाभाऱ्याजवळच्या अंधारात तिसरा हिशेब येतो. वेळ काही सेकंदांवर गेला की फिल्म मंदावते. इलफर्डच्या एचपी-५ प्लसला मीटर १० सेकंद सांगत असेल, तर सुमारे २० सेकंद द्यावे लागतात. हे आकडे घरीच कार्डामागे लिहून न्या. डोंगरात पावसाची सर आल्यावर तोंडी हिशेब करू नका.

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत तिपाई लावायला परवानगी लागते. तीही आठवणीने आधी काढा.

‘एक गेली तर दुसरी काढू,’ असं म्हणणारे भेटतात. देवळाचं एक वेळ ठीक आहे, ते उद्याही तिथेच असेल. माणसाचं तसं नसतं. शिर्डीच्या साईबाबांनी १९१८ साली देह ठेवला. त्यांचे हयातीतले फोटो अगदी मोजके आहेत. तुमच्यासमोर लुगडं नीटनेटकं करून ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजींचाही हा कदाचित एकमेव चांगला फोटो असेल. माणसांचे फोटो काढताना एकाच बैठकीत दोन होल्डर वापरा आणि दोन्ही वेळा पूर्ण क्रम म्हणा.

फोटो झाला की लेन्सची पाटी, मागची पाटी, सगळं शून्यावर आणूनच कॅमेरा मिटा. सकाळचा तिरकेपणा दुपारच्या फोटोत राहिला, तर अर्धं चित्र धूसर येतं आणि कारण सापडत नाही. वहीत होल्डरचा नंबर, बाजू, छिद्र आणि वेळ लगेच लिहा. वापरलेले होल्डर वेगळ्या पिशवीत ठेवा.

उरलेलं काम रात्रीचं. आपल्या भागात धूळ फार. फिल्म भरायला न्हाणीघर बरं, आधी भिंतींवर पाणी शिंपडून धूळ खाली बसवा आणि होल्डर ब्रशने झाडून घ्या. फोटो घेताना फिल्मवर धुळीचा कण असला, तर प्रिंटच्या आभाळात काळा ठिपका उमटतो. अंधारात फिल्मच्या कोपऱ्यावरच्या खाचा वरच्या उजव्या बाजूला लागल्या, की लेप असलेली बाजू तुमच्याकडे आहे. स्लाइडच्या पांढऱ्या बाजूला बोटाला लागणारे उंचवटे असतात, ते बाहेर. फिल्म दोन्ही कडांच्या पट्ट्यांखाली गेली का, हे नखाने हलकेच उचलून पाहा. सरावासाठी एखादी खराब झालेली फिल्म दिवसाउजेडी डोळे मिटून भरा आणि काढा, दिवस जातील तसा वेग येतो.

फिल्म काढून ठेवायच्या डब्याला चिकटपट्टी लावा आणि दिवा बंद करण्याआधीच तिच्यावर मार्करने लिहा, ‘वापरलेली, एचपी-५, उघडू नये’. घरातल्या सगळ्यांना तो डबा दाखवून ठेवा, लहान मुलांना तर आधी.