स्पॅनिशच्या वर्गाचे नियम आणि आमच्या पहिलीतलं पोर

माझ्या मावसभावाची मुलगी टेक्सासला असते. यंदा ती नववीत गेली, म्हणजे तिकडच्या हिशेबानं हायस्कूलला लागली. तिनं स्पॅनिश घेतलंय, अगदी पहिल्या पायरीचं. पहिल्याच आठवड्यात स्पॅनिशच्या बाईंनी दोन पानांचा कागद घरी पाठवला. त्यात वर्गाचे नियम, पोरांकडून काय अपेक्षा आहे ते, आणि खाली आईबापाची सही. भावानं फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली लिहिलं, "बघ रे पत्रकारा, इथं सही करायला पण अभ्यास करावा लागतो."

मी आधी हसलो. मग नीट वाचला. मग परत वाचला. गेले पंधरा दिवस तो कागद डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी. टेक्सासात पदवी नाही, साधं हायस्कूल पास व्हायचं तरी इंग्रजीशिवाय दुसऱ्या एका भाषेची दोन वर्षं लागतात. (गंमत म्हणजे काही पोरांना भाषेऐवजी कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग घ्यायची पण सोय आहे. यंत्राची भाषा ती पण भाषाच, असं त्यांचं म्हणणं असावं.) तिथं पास व्हायला ३५ चालत नाहीत, ७० लागतात. आणि १९८४ पासून कायदा आहे की विषयात नापास असाल तर काही आठवडे शाळेच्या टीममधून खेळायचं नाही. फुटबॉलवेड्या राज्यात हे किती जड आहे बघा. म्हणजे स्पॅनिशचा वर्ग हा काही हौसेचा मामला नाही. राज्यात चारातलं एक माणूस तरी घरात स्पॅनिश बोलणारं आहे. दुकानात, दवाखान्यात, बांधकामावर, सगळीकडे.

आता कागदात काय आहे.

पहिला नियम असा की वर्गात होईल तेवढं स्पॅनिशच बोललं जाईल. बाई बोलतील, पोरांनीही बोलायचं. तिकडच्या भाषाशिक्षकांची एक मोठी संस्था आहे, तिनं २०१० सालीच सांगून ठेवलंय की वर्गातला ९० टक्के किंवा जास्त वेळ शिकायच्या भाषेतच जावा. आणि हे पहिल्या दिवसापासून. तुम्ही म्हणाल, ज्याला एक शब्द येत नाही त्याच्याशी बोलणार काय? बाईंनी पुढेच लिहिलंय: मी हातवारे करीन, चित्रं काढीन, वस्तू दाखवीन, तेच तेच पुन्हा बोलीन. तुम्हाला प्रत्येक शब्द कळायची गरज नाही. मुद्दा कळला की झालं.

दुसरा नियम तर आमच्या पुतणीला पहिल्याच दिवशी पाठ झाला. बाथरूमला जायचं असेल तर स्पॅनिशमध्ये विचारायचं, "प्वेदो इर आल बान्यो?" नाही विचारलं तर बसून राहा. पोरं म्हणे सगळ्यात आधी हेच वाक्य शिकतात, आणि आयुष्यभर विसरत नाहीत. गरज असली की भाषा येते, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

तिसरं: चूक केली म्हणून मार्क जाणार नाहीत, बोललाच नाहीत तर जातील. आणि दुसरं पोर चुकलं म्हणून कुणी हसलं, तर त्याची नोंद होईल आणि घरी फोन जाईल. हे वाक्य कागदावर ठळक छापलेलं होतं. यावर मी परत येणार आहे.

चौथं: मोबाईलवर भाषांतर करून आणलेला गृहपाठ म्हणजे कॉपी. एखादा शब्द शोधा, हरकत नाही, पण अख्खं वाक्य मशीनकडून आणायचं नाही. बाईंना कळतं कसं? सोपं आहे. महिनाभर शिकलेल्या पोराच्या वहीत "त्यानं यावं असं मला वाटतं" यातल्या "यावं"सारखी क्रियापदं दिसायला लागली की समजायचं, हे पोराचं नाही. त्या रूपापर्यंत वर्ग पहिल्या वर्षात पोचतच नाही.

पाचवं: एखाद्या पेपरात ७० च्या खाली गेलात तर एकदा परत देता येईल. पण आधी बाईंकडे जाऊन चुका समजून घ्यायच्या, मगच.

आणि शेवटी वर्षाअखेरीस पोराला काय यायला हवं याची यादी. स्वतःची, घरच्यांची ओळख करून देणं. आवडनिवड सांगणं. खायला मागणं. रस्ता विचारणं. साधा निरोप वाचून कळणं. बस, एवढंच. "स्पॅनिश भाषेवर प्रभुत्व" वगैरे शब्द कुठंही नाही.

सगळं गोड गोड आहे असं मी म्हणत नाही. भावाशी बोललो तर तो म्हणाला, इथं दोन वर्षं स्पॅनिश शिकून पुढं चार वाक्यं धड न येणारी माणसं ऑफिसात ढिगानं आहेत. ते खरंच आहे. दोन वर्षं झाली, शिक्का मिळाला, विषय संपला, हे तिकडेही चालतं. शिवाय बोलण्याला मार्क ठेवले की लाजऱ्या पोराचे हाल होतात. आमची पुतणी घुमी आहे, पहिला आठवडा रडत घरी आली. दर गोष्टीला पॉइंट, दर गोष्टीला टक्के, हे मला व्यापाऱ्याच्या वहीसारखं वाटतं. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. नव्यानं भाषा शिकणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी कुणीतरी लेखी सांगितलंय की तुझ्याकडून काय हवंय, आणि तू चुकशील तेव्हा तुझं काय होईल.

आता आपल्याकडे या.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला. जूनमध्ये सुधारित जीआर निघाला. २९ जूनला दोन्ही मागे घेतले आणि समिती नेमली. मधल्या अडीच महिन्यांत आमच्या चौकात किती सभा झाल्या, किती निवेदनं दिली गेली, मोजदाद नाही. मी पण लिहिलं. हिंदीसक्तीच्या विरोधात लिहिलं, त्याबद्दल आजही माझं मत तेच आहे. पण त्या अख्ख्या काळात मी एकाही शाळेत जाऊन हे विचारलं नाही, की बाबा रे, तुमच्याकडे आज ज्या भाषा चालू आहेत त्यांच्या तासाला नेमकं होतं काय? कोणती भाषा, कितवीपासून, यावर आपण रान उठवतो. शिकवणार कशी, हे विचारायला कुणाला सवड नाही. मलाही नव्हती.

इंग्रजी आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून आहे. पंचवीस वर्षं झाली. पहिल्या तुकडीतली पोरं आज तिशीत आहेत, तुमच्या-माझ्या आजूबाजूला आहेत. त्यांनाच विचारा इंग्रजीचा तास कसा होता. "धिस म्हणजे हे, इज म्हणजे आहे, अ म्हणजे एक." अख्खा तास मराठीत. प्रश्नोत्तरं फळ्यावरून वहीत, वहीतून पेपरात. दहा वर्षं इंग्रजी शिकून "मे आय कम इन" सोडून तोंडानं एक वाक्य न काढलेली माणसं मला रोज भेटतात. त्यांची यात काही चूक नाही. बोलायला लावलं कुणी?

आणि ते तोंडीचे २० मार्क! २०१९ ला दहावीच्या भाषांचे तोंडीचे मार्क बंद केले होते, आठवतंय? आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल त्या वर्षी ७७.१० वर आला. सगळीकडे बोंब झाली. मी स्वतः बातमी केली, "निकाल घसरला, पालक संतप्त". पुढच्या वर्षी मार्क परत आले, आम्ही गप्प. त्या गदारोळात एक साधा प्रश्न ना पालकांनी विचारला, ना शिक्षकांनी, ना मी: तोंडी परीक्षेत पोराला बोलायला लावतात का? की रांगेत उभं करून नाव विचारायचं आणि १८ टाकायचे? मला माहितीय, तुम्हालाही माहितीय. तिकडच्या त्या बाई बोलण्याला मार्क देतात, आपल्याकडेही देतात. फरक एवढाच की तिकडं बोलावं लागतं.

पण मला खरं बोलायचंय ते इंग्रजीबद्दल नाही.

आमचा तालुका सातपुड्याच्या पायथ्याला. गावात अहिराणी, पाड्यांवर पावरी, भिली. आपण पहिलीत ज्याला "मातृभाषा मराठी" म्हणतो, ती पाड्यावरून आलेल्या सहा वर्षांच्या पोराची मातृभाषा नाहीच. त्याच्यासाठी मराठीचा वर्ग हाच "स्पॅनिश वन" आहे. फरक असा की टेक्सासच्या बाईंना माहीत आहे की समोरच्याला आपली भाषा येत नाही. आपण धरून चालतो की येते. मग ते पोर गप्प बसतं. दुसऱ्या महिन्यात ते "मंद" ठरतं. तिसऱ्या महिन्यात शाळेत यायचं कमी होतं आणि आपण म्हणतो, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.

एक छोटी गोष्ट सांगतो. त्या कागदात होतं की बाईंशी बोलताना "तू" नाही, "उस्तेद" म्हणायचं. स्पॅनिशमध्ये मित्राला तू, मोठ्यांना उस्तेद, म्हणजे आपलं तुम्हीच. आमच्या पुतणीला हे एका मिनिटात कळलं, घरात मराठी आहे ना. इंग्रजीत वाढलेल्या पोरांची मात्र वर्षभर गडबड होते, ती बाईंना "तू" म्हणतात. बाई चिडत नाहीत. उद्धटपणा नाही, शिकायचं राहिलंय, एवढंच ते.

आमच्याकडे पाड्यावरचं पोर गुरुजींना "तू" म्हणतं. कारण त्याच्या घरात बापाला तू, आजाला तू. मी एका शाळेत डोळ्यांनी पाहिलंय, "तू" म्हणाला म्हणून पोराला कान धरून उभं केलं होतं. अख्खा वर्ग हसत होता. मी त्या दिवशी शालेय पोषण आहाराच्या बातमीला गेलो होतो. बातमी खिचडीची केली.

हसण्याचं मला फार लागतं, कारण माझ्या बाबतीत झालंय. तिसरीत असताना मी उभा राहून "मना बाप" म्हणालो होतो. "माझे वडील" म्हणायला हवं होतं. गुरुजी हसले, मग सगळे हसले. त्यानंतर चौथी संपेपर्यंत मी वर्गात स्वतःहून तोंड उघडलं नाही. पुढं भाषेवरच पोट भरायला लागलो ही वेगळी गोष्ट. माझ्या बाकावरचे दोघं मात्र शाळेतूनच गेले.

हे सगळं आपल्या शिक्षकांना कळत नाही असं नाही. आमच्याच तालुक्यात एक बाई आहेत (नाव लिहिलं तर त्यांनाच त्रास होईल). बदली होऊन पाड्यावर गेल्या आणि पहिले सहा महिने पोरांकडून पावरी शिकल्या. पोरं त्यांना चुकल्यावर हसायची. त्या म्हणाल्या, "बरं झालं हसली. मी चुकते म्हटल्यावर ती पण बोलायला लागली." त्यांच्या वर्गात मी तासभर बसलोय. आवाज थांबत नाही.

तेव्हा मागणी छोटीच आहे. जीआर नको, निधी नको. शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात पालक आहेत, त्यातले बरेच जण हे वाचताय. पुढच्या बैठकीत गुरुजींकडे प्रत्येक भाषेच्या वर्गाचा एक कागद मागा. दिवाळीपर्यंत पोर तोंडानं काय बोलू शकेल, आणि ते चुकलं तर वर्गात काय होईल, एवढं दोनच गोष्टींचं. पालकाला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, पाड्यावर पावरीत सांगा. गुरुजींवर आधीच किती कामं लादलीत ते मला माहितीय, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत. म्हणून एकच पान म्हणतोय.

बैठकीची तारीख ठरली की मला कळवा. मी येतो. या वेळी खिचडीची बातमी करणार नाही.