इंजिनाखालचं रबर

'विकून टाका!' हे मराठी भाषेतलं सर्वांत स्वस्त वाक्य आहे. बोलणाऱ्याला ते फुकट पडतं आणि ऐकणाऱ्याला साठ हप्त्यांत पडतं. गाडी जुनी झाली, सिग्नलला उभी असताना जरा थरथरायला लागली, की ओळखीतला प्रत्येक गृहस्थ हे वाक्य खिशात घेऊनच भेटतो. घरातल्या आजोबांचा हात थरथरायला लागला तर आपण चहाचा कप अर्धा भरतो. आजोबा बदलत नाही. पण गाडीच्या बाबतीत हा विवेक कुठे जातो कोण जाणे!

माझी गाडी मारुती ८०० आहे. १९८३च्या डिसेंबरात ही जात रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. माझ्या गाडीने विशी ओलांडली आहे. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तीन पायांवर चालणारा प्राणी थोडा डुलणारच. म्हणून हे इंजिन लोखंडावर लोखंड ठेवून आवळत नाहीत. लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये जाड रबर चिकटवलेले तुकडे असतात, त्यांच्यावर बसवतात. पुस्तकात त्यांना 'माउंटिंग' म्हणतात, गॅरेजमध्ये 'फाउंडेशन'. गॅरेजचा शब्द मला जास्त आवडतो, कारण पाया खचला म्हणजे घर जुनं झालं असं नव्हे, एवढं तरी त्यात कळतं.

ही युक्ती आजची नाही. क्रायसलर कंपनीने १९३१ साली आपल्या प्लिमथ गाडीत चार सिलिंडरचं इंजिन रबरावर तोलून बसवलं आणि 'फ्लोटिंग पॉवर' म्हणून त्याची मोठी जाहिरात केली. पुढे वालचंद हिराचंदांच्या कारखान्यात याच प्लिमथ गाड्या मुंबईत जोडल्या जात. म्हणजे ही विद्या आपल्या दारात येऊन पाऊणशे वर्षं झाली. तरी रबराला चीर गेली की आपण नव्या गाडीच्या दुकानाकडे धावतो.

रबर हे रबर आहे. इंजिनाची उष्णता आणि गळकं तेल सोसून ते टणक होतं, चिरतं, पट्टीपासून सुटतं. मग उभ्या गाडीत स्टिअरिंगला हुडहुडी भरते, गिअरचा दांडा नाचतो, क्लच सोडताना 'धप्' होतं. यावर एका उस्तादांनी मला सांगितलं, "साहेब, इंजिन खोलावं लागेल." अस्मादिक वाणिज्य शाखेचे पदवीधर. इंजिन कळत नसेल, पण महसुली खर्चाचा भांडवली खर्च कसा होतो ते आम्ही डोळे मिटून ओळखतो!

मी बॉनेट उघडलं, सौभाग्यवतींना स्टिअरिंगवर बसवलं आणि जरा बाजूला उभा राहिलो. हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, पहिला गिअर. "आता क्लच अगदी हळू सोड, गाडी हलू देऊ नकोस," म्हटलं. इंजिन एका अंगाने टुणकन उचललं गेलं आणि परत आदळलं. "अहो, हे तर सुटलंय!" सौभाग्यवती आतूनच म्हणाल्या. निदानाला दोन मिनिटं लागली, आणि फी म्हणून एक चहा.

आता 'घरी करणं धोक्याचं आहे' म्हणणाऱ्यांना उत्तर देतो. धोका आहेच. गॅस पेटवण्यातही आहे, म्हणून कोणी पोहे करायचे थांबत नाही. जागा सपाट हवी, चाकांना दगड हवेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली हवी. जॅक आणि इंजिनाचं तेलपात्र यांच्यामध्ये लाकडाची रुंद फळी हवी, कारण ते पात्र पत्र्याचं असतं. इंजिन उचलायचं नाही, त्याचा भार फक्त हातावर घ्यायचा. जास्त चढवलं तर पाइप आणि वायरी ताणतात. एका वेळी एकच रबर काढायचं. नवे बोल्ट आधी सगळे हातानेच लावायचे, आणि इंजिनाचा भार रबरावर आल्यावर मगच पुस्तकात दिलं असेल तेवढे आवळायचे, नाहीतर नवं रबर पिळलेलंच बसतं. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. खाली मजबूत घोड्या लावायच्या. ज्याला जॅक आणि घोडी यांतला फरक कळत नाही, त्याने खुशाल गॅरेजात जावं. त्याच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते आमच्या सोसायटीच्या फलकाशी. 'आवारात वाहनदुरुस्तीस सक्त मनाई. हुकुमावरून.' मी सेक्रेटरींना विचारलं, "तेल सांडतं म्हणून का? या कामात तेलाचा थेंब बाहेर येत नाही."

"तेलाचं नाही हो."

"आवाजाचं? नवरात्रातले कर्णे याच आवारात लागतात."

"तसं नाही. आपल्यासारख्यांनी गाडीखाली वाकणं बरं दिसत नाही."

हे खरं कारण! आम्हा पांढरपेशांना आक्षेप तेलाला नाही, हात काळे होण्याला आहे. खंडेनवमीला पान्याला हळदकुंकू वाहायचं, गाडीला झेंडूची माळ घालायची, आणि वर्षभर तोच पाना हातात धरणाऱ्याला 'अरे-तुरे' करायचं! आपण हत्याराची पूजा करतो ती बहुधा ते वापरावं लागू नये म्हणून.

सरकारही विकायला सांगणाऱ्यांच्याच बाजूचं. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीचे ६०० रुपये १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. आणि आमच्या शाखेत माझ्या डोक्यावरच वाहनकर्जाचा फलक टांगलेला आहे, तेव्हा मी हे लिहितोय ते पोटावर पाय देऊनच. पण हिशेब तो हिशेब. आयकराच्या नियमाने मोटारीवर घसारा धरतात १५ टक्के, तोही घटत्या शिलकीवर. दोन लाखांच्या गाडीची किंमत पंधरा वर्षांनी १७,४७१ रुपये उरते, तीस वर्षांनी १,५२६. शून्य कधीच होत नाही! इतकी माणुसकी खातेवहीतसुद्धा आहे.

मुद्दा एका गाडीचा नाही. रबर झिजलं की इंजिन बदला, इंजिन हललं की गाडी बदला, ही सवय एकदा अंगात मुरली की ती गाडीपाशी थांबत नाही. काय बिघडलंय ते शोधण्याआधीच काय टाकायचं ते ठरवणाऱ्या माणसांच्या हाती आपण घरं, शाळा, नाती सगळंच सोपवून बसलो आहोत. मी पंचेचाळिशीचा आहे. माझेही गुडघे हल्ली कुरकुरतात. जवळपास अशी माणसं कमी असावीत, एवढंच माझं म्हणणं आहे.