पेठेतले वाडे आणि भाड्याचा हिशेब

बुधवार पेठेतील भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत पोलीस बंदोबस्तात पाडण्यात आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली जेथे मुलींची शाळा काढली, ती वास्तू त्यांच्याच स्मारकासाठी भुईसपाट करावी लागली. महापालिका व गाळेधारक यांच्यातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल महापालिकेच्या बाजूने लागला खरा. परंतु तोवर वाड्यात राखण्याजोगे फारसे उरलेच नव्हते.

या घटनेकडे केवळ न्यायालयीन विलंबाचे उदाहरण म्हणून पाहणे पुरेसे नाही. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८७९ च्या आगीत होरपळूनही पुन्हा उभा राहिला, शनिवारवाड्यानजीकचा नानावाडाही दुरुस्त झाला. या दोन्ही वास्तूंचा भार महापालिकेच्या तिजोरीवर आहे. खाजगी वाड्याचे तसे नाही. त्याचे सागवानी खांब, कोरीव तुळया, चौक हे सर्व शहराचे भूषण म्हणून मिरविले जाते आणि खर्च मात्र मालकाने सोसावा अशी अपेक्षा असते.

तो मालक तो कशातून सोसणार? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला जखडून टाकले. युद्धोत्तर टंचाईत तो निर्णय योग्यच होता. पण टंचाईचा उपाय अर्धशतक चालू राहिला. अशी गोठलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने प्रारंभी पाच टक्के व पुढे दरसाल चार टक्के वाढ दिली. म्हणजे दहा रुपयांची खोली पंचवीस वर्षांनंतरही तीस रुपयांच्या आतच! एवढ्यात कौलेसुद्धा फिरवून होणार नाहीत.

भाडेकरूला यात खलनायक ठरविणे अन्यायाचे होईल. तपकीर गल्लीतील किंवा अप्पा बळवंत चौकातील छोट्या दुकानदाराची उपजीविका त्या गाळ्याशी बांधलेली आहे. गाळा गेला की गिऱ्हाईकही जाते. वाडा कोसळला तरी आपला हक्क टिकेल याची त्याला खात्री नसते. मालकाला उलट तो कोसळण्यातच लाभ दिसतो, कारण मोकळ्या जमिनीचे मोल वाड्याच्या कितीतरी पट आहे. यादीत नाव चढल्याने हे गणित बदलत नाही; पाडण्यास मनाई होते, पण दुरुस्तीला पैसा मिळत नाही.

वारसा वास्तूच्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूद नियमांत आहे. ती योग्य दिशेची आहे. मात्र हे हक्क दुरुस्तीचे काम जसजसे पुरे होईल तसतसे हप्त्याहप्त्याने हाती पडले पाहिजेत आणि त्या करारात भाडेकरूही पक्ष असला पाहिजे. त्याचा गाळा त्याच जागी, ठरलेल्या वाढीव भाड्याने राहील असे लेखी आश्वासन मिळाले, तर दुरुस्तीला विरोध करण्याचे त्याला कारण उरणार नाही. महापालिका दर पावसाळ्यापूर्वी मोडकळीस आलेल्या वाड्यांना नोटिसा बजावते. त्या नोटिशीसोबत दुरुस्तीचा अंदाज आणि विकास हक्काचा प्रस्ताव जोडणे तिच्या अधिकाऱ्यांना अवघड नाही.