संस्कारांची शिकवणी

मुलांवर चांगले संस्कार व्हावे असें ज्यांस वाटत नाहीं, असे आईबाप महाराष्ट्रांत शोधूनहि सांपडावयाचे नाहींत. पण ही इच्छा पुरी करण्याचा जो मार्ग अलीकडे रूढ झाला आहे, त्याविषयीं चार कठोर शब्द लिहिणें आम्हांस भाग आहे. गणिताची शिकवणी लावावी, इंग्रजीची लावावी, तशीच आतां संस्कारांचीहि लावावी, असा हा मार्ग आहे. आठवड्यांतून दोन तास मूल वर्गास जातें, स्तोत्रें पाठ करितें, स्पर्धेंत बक्षीस मिळवितें. आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागलें कीं ‘सर्वांगीण विकासा’चें आध्यात्मिक अंग उरकलें, असें समजून आईबाप निश्चिंत होतात.

पाठांतराशीं आमचें वैर नाहीं. त्यानें वाणी शुद्ध होते, स्मरण बळावतें, आणि लहानपणीं कंठांत बसलेली ओवी चाळिशींत अवचित अर्थ देऊन जाते. आमची तक्रार आहे ती घराविषयीं. वर्गांत सत्याचा महिमा घोकून आलेल्या मुलाला वडीलच सांगतात, ‘दारावर कोण आहे बघ, आणि मी घरीं नाहीं म्हणून सांग.’ जेवणापूर्वीं श्लोक म्हटला जातो, आणि भांडीं घासणाऱ्या बाईचा कप मोरीजवळ वेगळा पडलेला असतो. मूल हें सारें पाहतें. चांगल्या गोष्टी म्हणावयाच्या असतात, त्यांप्रमाणें वागावयाचें नसतें, हा धडा तें कोणी न शिकवतां पक्का करितें. शिकवणीची फी भरून आपण दांभिकपणा विकत घेत आहों, हें आमच्या पालकांच्या ध्यानांतहि येत नाहीं.

घर हीच संस्कारांची शाळा, हें सांगण्यास दूर जावयास नको. एका नगर जिल्ह्याची, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याची, साक्ष पुरे. प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें 1290 सालीं ज्ञानदेवांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली. त्यांचा गुरु कोण? सख्खा वडील भाऊ. संन्याशाचीं पोरें म्हणून ज्यांस समाजानें दूर लोटलें, त्या चार भावंडांनीं एकमेकांस शिकविलें, एकमेकांस सांवरलें. आईबापांच्या पश्चातहि तें घर विद्यापीठ झालें.

पण ज्ञानदेव अलौकिक होते, त्यांचा दाखला आम्हां सामान्यांस काय कामाचा, असें कोणी म्हणेल. त्यांनीं लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ उघडावीं. या बाई 1868 सालीं नाशकाजवळ जलालपुरास जन्मल्या, त्या घरांत देवधर्मास तोटा नव्हता. तोटा होता तो मायेच्या मोकळेपणास. वडिलांच्या सोंवळ्याओंवळ्याच्या अतिरेकानें सारें घर धास्तावलेलें असे. पुढें 1895 सालीं पति नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळें. जातिभेद त्यांच्या मनांतून गेला तो कोणाच्या प्रवचनानें गेला नाहीं. स्वतः विचार करकरून त्यांनीं तो उपटून टाकिला, आणि 1900 सालीं स्वतःच्या निश्चयानें त्या ख्रिस्ती झाल्या.

त्यानंतरचें त्यांचें राहुरीचें व नगरचें घर पाहावें. पैसा नाहीं, नवरा हातचें सर्व देऊन टाकणारा, आणि दारीं दुष्काळानें व प्लेगानें निराधार झालेलीं पोरें. बाई चिडत, भांडत, आणि वाढीत. 1907 सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत ‘बालकवि’ ठरलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे कांहीं काळ याच कुटुंबांत राहिले. लक्ष्मीबाईंनीं त्यांस मुलाप्रमाणें वागविलें, आणि ते हिंदु राहिले म्हणून मायेंत उणें पडलें नाहीं. धर्म कोणता, हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवितों. पहिल्या घरांतहि भक्ति होती, दुसऱ्याहि घरांत होती. पहिल्या घरीं भक्तीनें दार लावून घेतलें, दुसऱ्या घरीं तिनें तें उघडलें. मुलें वाढतात तीं उघड्या दाराच्या घरांत.

आतां आजच्या नगरकडे वळूं. याच जिल्ह्यांत लोणीस 1950 सालीं विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि प्रवरेचा कांठ उसानें हिरवा झाला. दसरा-दिवाळी सरली कीं पाथर्डी, शेवगांव, जामखेड या तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. नवराबायकोच्या जोडीस त्या धंद्यांत ‘कोयता’ म्हणतात. माणसास हत्याराचें नांव! उसाच्या पाचटाच्या कोपींत त्यांचा हंगाम जातो. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहें निघालीं, तरी कितीएक पोरांची शाळा बुडतेच. थोरली बहीण धाकट्यास कडेवर घेऊन कोपी राखीत बसते.

त्याच रस्त्यानें बंगल्यांतलें मूल पसायदान म्हणावयास स्पर्धेला जातें. ज्ञानदेवांनीं तें मागणें सर्व प्राण्यांसाठीं मागितलें. मोटारीच्या कांचेंतून दिसणारी कोपींतली मुलगी त्या ‘सर्वांत’ येते कीं नाहीं, हें त्या मुलास कोणीं सांगावयाचें? परीक्षक सांगणार नाहीं. तो उच्चार पाहतो. आईबापांनींच सांगितलें पाहिजे, आणि तेंहि तोंडानें नव्हे. गाडी थांबवून त्या मुलीचें नांव विचारणें, आपल्या गांवच्या शाळेंत तिला बसूं द्यावें म्हणून शब्द टाकणें, घरच्या दिवाळीचा फराळ उरलासुरला म्हणून नव्हे तर पहिला म्हणून कोपीवर पोंचविणें, हें मुलाच्या देखत घडलें तर एका दिवसांत जें साधेल, तें वर्षभराच्या शिकवणीनें साधावयाचें नाहीं.

आम्हांस दोन उत्तरें मिळतील, हें आम्ही जाणतों. एक पक्ष म्हणेल, ‘आम्ही दोघेंहि नोकरी करितों, वेळ कोठून आणावा?’ पण बाईच्या हातीं चहा आपल्याच कपांत देण्यास वेगळा वेळ लागत नाहीं. चूक झाली असतां मुलापुढें ‘माझें चुकलें’ म्हणण्यास अर्धें मिनिट पुरतें. मुलगा असो वा मुलगी, जेवलेलें ताट ज्याचें त्यानें उचलावें, एवढ्या नियमानें घरचा वेळ वाढेलच. दुसरा पक्ष म्हणेल, ‘माणुसकी शिकवा, त्यांत अध्यात्म कशाला?’ नांवासाठीं आम्ही भांडणार नाहीं. परंतु आपल्याहून मोठें कांहीं आहे, आणि तें समोरच्या दीनांतहि आहे, ही जाणीव नसेल तर माणुसकी सोयीपुरती उरते; गैरसोय झाली कीं ती संपते. या जाणीवेलाच आमच्या संतांनीं भक्ति म्हटलें.

तेव्हां वर्ग चालूं द्या, स्तोत्रेंहि म्हणूं द्या. पण प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापूर्वीं मोरीजवळचा तो वेगळा कप तेवढा उचला. मुलाची परीक्षा नंतर घेतां येईल. आधीं परीक्षा घराची आहे, आणि परीक्षक घरांतच वाढत आहे.