आधी खुराडं, मग कोंबडी

आधी कोंबडी की आधी अंडं, हा वाद विद्वानांनी खुशाल घालत बसावा. परसात दहा-बारा कोंबड्या पाळू पाहणाऱ्यासाठी उत्तर ठरलेलं आहे... आधी खुराडं! घर उभं राहिल्याशिवाय एकही पिल्लू दारात आणू नये, असं माझं ठाम मत आहे आणि ते आज जरा आवाज चढवून सांगणार आहे. सगळा जन्म वर्गात गेला, त्यामुळे आवाजाची सवय आहे.

सध्या आमच्या वर्ध्याकडे हौसेची लाट आली आहे. ज्याच्या घरामागे थोडी मोकळी जागा, तो म्हणतो, चार कोंबड्या पाळू, घरचं अंडं खाऊ. कल्पना उत्तम! पण मग चर्चा कशाची होते? गिरिराज घ्यावी की वनराज, कडकनाथ बरी की साधी गावठी? जातीवर तासभर बोलतील. घराचं विचारलं की उत्तर एकच, "कोंबडीला काय लागतं? जुनं टिन पडलंच आहे मागे!"

या टिनाशीच माझं भांडण आहे.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो, हे मी इथल्या माणसाला सांगायला नको. कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. अंग थंड करायला तिच्यापाशी दोनच उपाय, पंख फुलवून उभं राहणं आणि चोच उघडून धापा टाकणं. हवाच अंगापेक्षा गरम झाली की पंख फुलवून काही होत नाही, उरते ती धाप. अशा वेळी डोक्यावर हातभर उंचीवर तापलेलं टिन आणि तिन्ही बाजू बंद, म्हणजे ती भट्टीच. आधी खाणं तुटतं, मग अंड्याचं कवच पातळ होतं, मग अंडं बंद आणि एके दिवशी दुपारी पक्षी आडवा. आणि आपण शेजाऱ्याला सांगतो, "रोग आला हो, कोंबड्या मेल्या!" दरवेळी रोग नसतो, मंडळी. टिन असतं.

दुसरं प्रकरण विकतच्या पिंजऱ्याचं. माझा एक भाचा फोनवर मोठ्या आनंदाने म्हणाला, "मावशी, तयार पिंजरा मागवला, आठ कोंबड्या मावतात." मावतात! दप्तरात पुस्तकं मावतात, डब्यात पोळ्या मावतात. कोंबडी मावून चालत नाही, ती वावरली पाहिजे. युरोपीय संघात अंड्यांच्या कोंबडीला नुसत्या तारेच्या पिंजऱ्यात किमान ५५० चौरस सेंटीमीटर जागा देण्याचा नियम होता, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही कमी. तेही त्यांना लाजिरवाणं वाटलं आणि २०१२ पासून असे पिंजरे तिथे बंद झाले. आपल्या विधी आयोगानेही २०१७ मध्ये कोंबड्यांच्या राहणीवर स्वतंत्र अहवाल दिला आहे. मोठ्या कारखान्यांचं जे व्हायचं ते होवो. परसदारात तर आपल्याला कुणाची सक्ती नाही! मग तो पिंजरा आपणहून घरात का आणायचा?

आता कुणी म्हणेल, मावशींना निवृत्तीनंतर दुसरा विषय उरला नाही. तसं नाही. हौशी माणसाची कोंबडी मेली तर हळहळ होते आणि संध्याकाळपर्यंत विसरते. पण खेड्यात अंड्याचा पैसा हा बहुतेक घरी बाईचा पैसा असतो. कापसाचा चुकारा नवऱ्याच्या हाती, सोयाबीनचा कर्जात. वही-पेन, औषधाची बाटली, माहेरी जायचं तिकीट हे अंड्यांतून निघतं. एका उन्हाळ्यात दहा कोंबड्या गेल्या तर त्या बाईचा गल्लाच गेला.

म्हणून वाटपाच्या योजनांबद्दल माझं म्हणणं आहे. २५ तलंगा आणि ३ नर असा गट सरकारी योजनांतून अनुदानावर दिला गेला आहे. चांगलंच आहे. पण पक्षी देण्याआधी ते रात्री झोपणार कुठे, हे कुणी जाऊन पाहावं की नाही? २००६ साली आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यात आपला वर्धा जिल्हाही होता. त्यातून दुभती जनावरं वाटली गेली. चारा-पाण्याची सोय नसलेल्या घरांत त्या संकरित गाई कशा ओझं झाल्या, हे पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलं होतं. गाय दिली, गोठ्याचं आणि वैरणीचं पाहिलं नाही. तोच धडा कोंबडीला लावा. फरक इतकाच की गाय मेली तर बातमी होते, कोंबडीची होत नाही.

मग घर कसं असावं?

मोठ्यांच्या घरासाठी जे नियम, तेच. सेवाग्रामची बापूकुटी आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, खाली उतरलेलं छप्पर. "आत कसं गार वाटतं!" असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. आणि घरी येऊन कोंबडीवर टिन टाकतो! इथल्याच दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती, बांबू, कवेलूंच्या कमी खर्चाच्या घरांवर वर्षानुवर्षं काम केलं. विद्या दाराशी आहे, वापरायची मात्र नाही.

दहा कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरणार असतील तर रात्रीसाठी पाच फूट बाय चार फूट जागा पुरते, म्हणजे पक्ष्यामागे दोन चौरस फूट. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. पूर्व-पश्चिमेच्या भिंती बंद, उत्तर-दक्षिणेला खाली फूट-दीड फूट भिंत आणि वर जाळी. म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत येत नाही आणि वारा आरपार जातो. आपली काळी माती पावसात फुगते, पाणी धरते, म्हणून दीड-दोन फुटांचा ओटा हवा. वर कवेलू किंवा गवताचं छप्पर, पावसाची झड आत येऊ नये इतकं पुढे काढलेलं. टिनच असेल तर त्यावर पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाड थर टाका. बसायला गोल दांडे, प्रत्येकीला वीतभर जागा. अंड्यासाठी दोन-तीन खोकी, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दांड्यापेक्षा खाली. नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. जमिनीवर कुटार किंवा तूस, ओलं झालं की बदलायचं. आत शिरल्यावर नाकाला झोंबलं, तर वारा कमी पडतो आहे असं समजावं.

जाळीत काटकसर नको. पातळ तारेची जाळी कुत्रं ओरबाडून काढतं आणि मुंगसाला दोन बोटांची फट पुरते. दाणा-पाणी छपराखाली असावं, कावळे-पारव्यांच्या पंगतीत नव्हे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तो आपल्याला लांबचा वाटला. २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच गेले. आता लांबचा म्हणू नका.

"पूर्वी कोंबड्या झाडावरच झोपायच्या," असं जुनी मंडळी म्हणतील. झोपायच्या, कारण परसात झाड होतं! आता तिथे फरशी आहे. "गरिबाला हे परवडत नाही," असंही म्हणतील. बांबू, माती, पऱ्हाट्या वावरातून येतात, महाग पडते ती जाळी आणि दार. मेलेल्या दहा कोंबड्यांपेक्षा ती स्वस्तच. खरा आक्षेप एकच आहे. मातीच्या भेगांत पिसवा-गोचीड लपतात आणि रात्री रक्त पितात. खरं आहे. त्यासाठी वेळच्या वेळी लिंपण आणि चुना हवा. हेही कबूल की घर कितीही चांगलं असलं तरी मानमोडी थांबत नाही, तिला लसच लागते. पण घर धड नसेल तर लसही वाया जाते. लस टोचलेली कोंबडी उन्हाने मरत नाही की काय?

असो. ज्यांच्याकडे आधीच खुराडं आहे, त्यांच्यासाठी परीक्षा सोपी आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता छपराखाली, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर, पाच मिनिटं हात धरून उभे राहा. हात मागे घ्यावासा वाटला तर त्याच दिवशी छप्पर बदला.