जुनी जीप घ्या, पण नाव लावून घ्या

धान घरात आलं, चुकारा हाती पडला की आपल्या झाडीपट्टीत जुन्या गाड्यांचा बाजार तापतो. कुणी नागपूरहून बोलेरो आणतो, कुणी राजुऱ्याच्या पलीकडून तेलंगणा पासिंगची सुमो. लाखाच्या आत चार चाकं दारात उभी राहतात. यात चुकीचं काही नाही. भामरागडहून जिल्ह्याचं ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. पावसाळ्यात नदी-नाले रस्ता अडवतात. त्यामुळं खरी धावपळ दिवाळीनंतरचीच. पोती केंद्रावर न्या, बाळंतिणीला दवाखान्यात न्या, सोयरिकीला जा, रात्री नाटकाला जा. हे सगळं शेवटच्या एसटीच्या भरवशावर होत नाही.

गाडी पाहायला मात्र दुपारी जाऊ नये. थंडीत पहाटे जावं आणि आधी बोनेटवर हात ठेवावा. बोनेट कोमट लागलं तर मालकानं तुम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली असं समजा. डिझेलच्या जुन्या इंजिनाचं खरं रूप थंडीतच दिसतं. हीटर प्लग गेलेले असले, बॅटरी बसलेली असली की चार पोरं धक्का मारायला लागतात. सुरू झाल्यावरही निळा धूर थांबत नसेल तर इंजिन ऑइल पिते आहे. त्या खर्चात गाडीची अर्धी किंमत जाईल. पायाखालची मॅटिंग उचलून गाळ आहे का तेही पाहा. २०२२ च्या जुलैत सिरोंच्याकडं पूर आला होता, आणि पुरात बुडालेली गाडी धुतली की नवीच दिसते. हेडलाइट रात्री लावून बघा. मूल-चंद्रपूर रस्त्यावर धुक्यात चितळ आडवं आलं, तर गाडीचा रंग नाही, दिवे आणि ब्रेक कामी येतात.

इथपर्यंत आपला शेतकरी हुशार आहे. बैल पारखतो तशी गाडीही पारखतो. फसतो तो कागदात. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आरसी बुक हाती आलं, की झाला व्यवहार! नाव मात्र जुन्याच मालकाचं. मीही हेच केलं. घरची जुनी जीप विकली आणि विसरलो. दोन वर्षांनी, ज्या गावात मी कधी पाय ठेवला नाही तिथल्या दंडाची चलनं माझ्या नावावर निघाली. गाडी तोवर तिसऱ्याच्या हातात गेली होती. दंडावर भागलं, हे नशीबच.

सगळ्यांचं असं भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे. त्यातली गाडी २००७ मध्ये विकली गेली, हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला. नोंद पहिल्याच मालकाची होती. न्यायालयानं सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्यानंच द्यायची. विमा नसलेल्या गाडीनं माणूस गेला तर ही रक्कम लाखांत जाते. तिथं चार एकर धानाचा बांध पुरत नाही.

म्हणून विकणाऱ्यानंच घाई करावी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. तेलंगणा-छत्तीसगडची गाडी असेल तर तिकडचं ना-हरकत आणि इकडचा कर, म्हणजे स्वस्ताई तिथंच संपते. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंद नव्यानं करायची फी २०२२ पासून पाच हजार झाली, वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये ती दहा हजार केली. हरित कर वेगळा. हे आकडे मांडूनच सौदा करावा. गाडीचा नंबर मोबाइलवरच्या परिवहनच्या अ‍ॅपमध्ये टाकला की विमा, मुदत, कर्ज सगळं दिसतं. पोराला सांगा, तो दोन मिनिटांत काढून देईल.

आणखी एक. पांढऱ्या नंबरप्लेटच्या जीपमध्ये माणशी पैसे घेऊन नाटकाला माणसं नेऊ नका. त्या रात्री काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते.

लोक नाव का लावत नाहीत, हेही समजून घ्यायला हवं. एटापल्लीच्या माणसानं गडचिरोलीला दोन चकरा मारायच्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. ऑनलाइन अर्ज आहे, पण गावात रेंज नाही. लायसन्ससाठी तालुक्याला शिबिरं भरतात, तशीच धानाच्या चुकाऱ्यानंतर नाव बदलण्याचीही भरवावीत. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तसा ठराव याच महिन्यात घ्यावा. पोलीस पाटलाला गावात कुणाच्या दारात कुणाच्या नावाची गाडी उभी आहे हे तोंडपाठ असतं. यादी करायला एक संध्याकाळ पुरे.