पेढ्याच्या जागी चॉकलेट

ऑक्टोबर २००३ मध्ये, सणासुदीची खरेदी सुरू झालेली असताना, मुंबईतील कॅडबरी डेअरी मिल्कच्या काही वड्यांमध्ये अळ्या सापडल्याचे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले. दुकानदारांची साठवणूक सदोष असल्याचा खुलासा कंपनीने केला; प्रशासनाने वेष्टनाकडे बोट दाखविले. ज्या दिवाळीत भेटीचे डबे हातोहात खपायचे, त्याच दिवाळीत विक्री घसरली. पुढे जे घडले ते जाहिरातविश्वात आजही आदर्श म्हणून सांगितले जाते. पण बहुधा अर्धेच.

अमिताभ बच्चन आले आणि ग्राहकांचा विश्वास परतला, असे ते अर्धे सत्य. २००४ च्या प्रारंभी कंपनीने वेष्टनच बदलले होते. सैल गुंडाळलेल्या चांदीऐवजी चारही बाजूंनी बंद केलेले आवरण आले. बच्चन यांच्या भारदस्त आवाजाला आधार होता तो या आवरणाचा. तो नसता तर भावनेला हात घालणारी कोणतीही कथा घराघरातील आईला पटली नसती. कारण प्रश्न तिच्या मुलाच्या तोंडी जाणाऱ्या घासाचा होता.

खरी चतुराई त्यानंतरची. चॉकलेट हा आपल्याकडे मुलांच्या हट्टाचा आणि किडक्या दातांचा विषय. १९९० च्या दशकात पीयूष पांडे यांच्या चमूने क्रिकेटच्या मैदानात धावत शिरून बेभान नाचणारी तरुणी दाखविली, तेव्हा मोठ्यांनीही संकोच न करता चॉकलेट खावे एवढीच मुभा मिळाली होती. परंतु लहर ही अधूनमधून येते. प्रथा मात्र दिनदर्शिकेप्रमाणे ठरल्या वेळी दाराशी उभी राहते. ‘कुछ मीठा हो जाए’ या मोहिमेने नेमकी ही प्रथाच धरली. निकाल लागला की पेढे, पगार झाला की घरी काहीतरी गोड, शुभकार्याला निघताना हातावर दही-साखर. तोंड गोड करण्याचे हे प्रसंग कोणत्याही कंपनीने निर्माण केलेले नाहीत. पप्पू उत्तीर्ण झाल्याचा जल्लोष किंवा महिन्याची पहिली तारीख यांवर बेतलेल्या जाहिरातींनी प्रसंग तसाच ठेवला, फक्त पेढा बदलला.

२०१० च्या ‘शुभारंभ’ मालिकेतील बसथांब्यावरची जाहिरात या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. चॉकलेट खाणाऱ्या अनोळखी तरुणीकडे एक तरुण तुकडा मागतो. चांगल्या कामापूर्वी गोड खावे, असे आई सांगते, हे त्याचे कारण. कोणते चांगले काम, असे तिने विचारताच, तुम्हाला घरी सोडावे म्हणतो, हे उत्तर. आईच्या शिकवणुकीचा असा वापर थोडा आगाऊपणाचा खरा. पण प्रेक्षकाला हसू येते ते ती शिकवण त्याच्याही घरातली असते म्हणून. निरीक्षण अचूक असले की अश्रूंची गरज लागत नाही. भावनिक म्हणविणाऱ्या आजच्या कित्येक जाहिराती नेमक्या इथेच फसतात. त्यांना पाणावलेले डोळे दिसतात, ते ज्या घरात पाणावतात ते घर दिसत नाही.

या यशाची किंमत मात्र कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने मोजली. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर भेसळयुक्त खव्यावर छापे पडतात, त्या बातम्या येतात आणि बंद डब्यातील चॉकलेट अधिक निर्धोक वाटू लागते. २००३ मध्ये ज्या यंत्रणेने या कंपनीला अडचणीत आणले, तिचीच कारवाई आता अप्रत्यक्षपणे तिच्या पथ्यावर पडते, हा योगायोग गमतीचा आहे. खव्याचा जिन्नस फार दिवस टिकत नाही आणि हलवायाकडे देशभर जाहिराती करण्याइतका पैसाही नसतो. त्याच्या हाती उरते ती ओळख, चव आणि ग्राहकासमोर होणारे वजन.

मिठाईवालेही स्वस्थ बसलेले नाहीत. गणेशोत्सवात मुंबई-पुण्याच्या दुकानांत चॉकलेटचे मोदक रांगेने मांडलेले असतात. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईपुढेही ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे, याची तारीख लिहिणे बंधनकारक करण्यात आले होते. पेढ्यांच्या परातीसमोर तेव्हा तारखेची पाटी आली आणि ती वाचूनच पाव किलोची मागणी होऊ लागली.